डब्यांखालचे कागद

बायकोला शुगर निघाली आणि आम्ही दोघं परीक्षेला बसल्यासारखे वागायला लागलो. तिथंच चुकलं. तपासणीची तारीख आली की चार दिवस आधी तिचा भात बंद, चहा फिका, कारल्याची भाजी आणि अर्धी भाकर. मग मेहकरला जाऊन रक्त द्यायचं. मी चौथी शिकलो. रिपोर्टातला साखरेचा आकडा तेवढा पाहायचो.

"पास झाली वं तू!"

"मंग? आता पावशेर जिलबी घ्या."

आणि स्टँडवर बसून आम्ही ती खायचो. गाढव होतो.

डॉक्टर एकदा म्हणाला, "तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी करू. किडनीचंही अजून खोलात बघायला पाहिजे."

मी म्हणालो, "आजची बरी हाये ना साहेब? मागची कायले उकरता?"

त्यानं मान हलवली आणि पुढच्याला बोलावलं. अजून त्याचा राग येतो. दोन शब्द खडसावून बोलला असता तर? पण खरं सांगतो, खडसावलं असतं तर मी डॉक्टर बदलला असता.

पुढं तिचे पाय सुजले. सोयाबीनच्या निंदणानं सुजले, असं तीच म्हणाली आणि मला ते पटलं. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या मीच आणायचो, कोणाला न विचारता. त्यानंही किडनी खराब होते, हे कळलं ते ती डायलिसिसच्या मशीनला लागल्यावर. आठ महिने काढले तिनं. मग गेली.

परवा सून स्वयंपाकघरातली मांडणी पुसत होती. डब्यांखाली कागद अंथरायची बायकोची सवय. सुनेनं ते काढले तर तिचेच जुने रिपोर्ट, हळदीचे आणि तेलाचे डाग पडलेले. सून बारावी शिकलेली, उभ्या उभ्या वाचायला लागली.

"मामाजी, हे क्रिएटिनिन पाहा. किडनीचं काम कमी झालं की हे रक्तात वाढते. इथं एक पॉइंट चार. मंग दोन. मंग दोन पॉइंट नऊ. प्रमाणाबाहेर म्हणून प्रत्येक वेळी ठळक छापलं हाये."

मी कागद हातात घेऊन ते आकडे पाहिले.

"आकडे तं तुमाले वाचता येतात ना?"

तिनं सहज विचारलं.

"येतात," मी म्हणालो.

त्याच डब्यांतल्या पिठाची भाकर मी रोज खात होतो. कागद माझ्या हाताखाली होता आणि मी वर डबा ठेवत होतो.

शुगर मलाही आहे. उद्या माझी तपासणी. आज सुनेनं फिका चहा पुढं केला. "आजचा दिवस सांभाळा मामाजी, शुगर चांगली येईन."

मी कप परत दिला.

"रोज टाकते तेवढी साखर टाक. रक्तात जे हाये ते निघू दे. तीन महिन्यांचीच करायले सांगतो, अन् ते क्रिएटिनिन बी. अन् कागद आणला का, तू मले वरून खालपर्यंत वाचून दाखव."

"अन् लय निघाली तं?"

"तं निघू दे. पास व्हायले नाही चाललो मी."