पाड्याच्या फाइलची पहिली ओळ

आमच्या शहापूर-मुरबाडात ब्रोकर म्हटलं की प्लॉट विकणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. त्यामुळे मुरबाडच्या दूध संघात ‘ब्रोकर सर्व्हर’ बसला, तेव्हा शिपायाने मला विचारलं, “म्याडम, ह्यो कुठली जमीन दाखवतो?”

हा नुसता निरोप्या आहे, असं मी त्याला समजावलं. गावातला दुधाचा काटा ‘इतके लिटर जमले’ असा निरोप पाठवतो, ब्रोकर तो घेतो आणि टँकरच्या ड्रायव्हरच्या मोबाइलवर पोचवतो. कोणाचा निरोप कोणाला द्यायचा, हे कॉन्फिग फाइलींमध्ये लिहिलेलं असतं. त्या फाइली सांभाळायचं काम माझ्याकडे आलं, कारण बाकीचे घाबरत होते. घाबरायला थोडंफार कळावं लागतं, आणि मला काहीच कळत नव्हतं. तेव्हा मी आजी झाले नव्हते, म्हणून फार शहाणी होते.

किन्हवलीच्या रस्त्याला एका फाट्यापासून आत तीन किलोमीटरवर एक पाडा आहे. तिथल्या बायकांनी एकेक म्हैस घेतली आणि दूध केंद्र मागितलं. संघाच्या अध्यक्षांच्या मनात नव्हतं. “आठ दिवस बघू,” ते म्हणाले. “एकदा जरी दूध नासलं, तरी केंद्र बंद.” इतर केंद्रं रस्त्याला लागूनच, तिथे टँकर थांबतोच. पाड्याचा निरोप आला तरच ड्रायव्हर आत वळणार, असं ठरलं.

पहिल्या दिवशी सकाळी मी पाड्यासाठी वेगळी फाइल केली. सर्व्हरच्या मूळ फाइलीत हात घालायचा नाही, नवीन आवृत्ती आली की ती पुसली जाते. आपल्या ओळी आपल्या फाइलीत ठेवायच्या, हे सर्व्हर बसवून गेलेल्या इंजिनिअरने बजावलं होतं. सासूबाईंच्या मसाल्याच्या डब्यात आपलं तिखट ओतायचं नाही, हे मला तीस वर्षं ठाऊक होतं, त्यामुळे पटकन पटलं. फाइल ठेवली, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. तो चालूच होईना.

लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या रोजनिशीत, पाड्याच्या फाइलचं नाव आणि पुढे: ओळ एक समजली नाही.

मी ओळ एक तपासली. पुसून पुन्हा लिहिली. पाच वेळा लिहिली. तेवढ्यात पाड्यावरची केंद्रवाली फोनवर.

“बाय, सोळा लिटर झाला. गाडी कवा येल?”

“येतेय गो. ओलं गोणपाट घाल कॅनवर.”

“दोनदा घातला. ऊन काय ऐकत नाय.”

एप्रिलचं ऊन ते. ड्रायव्हरला फोन लावला, पण तो गाडी चालवताना उचलत नसे. चांगली सवय, त्या दिवशी मात्र माझ्या तोंडात शिवी आली. इंजिनिअरला लावला. “मॅडम, पहिली ओळ वाचून दाखवा.” मी ठणठणीत आवाजात वाचली. “बरोबर आहे हो,” तोही चक्रावला. मागून अध्यक्ष म्हणाले, “काय म्हणतोय तुमचा दलाल?”

मग चिडून मी त्या ओळीच्या आधी # टाकलं. हे चिन्ह असलं की सर्व्हर ती ओळ वाचतच नाही. तरीही उत्तर तेच: ओळ एक समजली नाही.

मी ओळ एक झाकली, तरी ओळ एक चुकते कशी? मी पडद्यावर बोट ठेवलं आणि वरून मोजलं. सगळ्यात वर, मधोमध, मी टाइप केलं होतं: श्री.

शाळेपासूनची सवय. कोऱ्या पानावर आधी श्री, आणि पहिली ओळ त्याच्या खाली. श्री आमच्याकडे ओळीत धरत नाहीत. सर्व्हर धरत होता, आणि ‘श्री’ नावाचं कुठलं सेटिंग त्याला ठाऊक नव्हतं. बाईसाहेब तासभर निर्दोष ओळीला झोडपत बसल्या होत्या.

श्री पुसायचा धीर मला झाला नाही. # उचलून त्याच्या आधी लावलं आणि बटण दाबलं.

सर्व्हर उठला. निरोप पोचला नाही की काटे तो पुन्हा पुन्हा पाठवत राहतात, त्यामुळे तुंबलेले सगळे निरोप धडाधड आले, आणि त्यांत पाड्याचे सोळा लिटरही. पडद्यावरच्या नकाशात टँकरचा ठिपका फाट्याच्या अलीकडे होता. तो फाट्यावर थांबला. मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. ठिपका आत वळला.

वीस मिनिटांनी फोन. “बाय, दूध चढला गाडीत.” तिच्यामागे बायकांचा इतका गलका की पुढचं ऐकूच आलं नाही. दुपारी शीतकरण केंद्रातून कळलं, दूध पास. मी हे अध्यक्षांना तीनदा सांगितलं. दुसऱ्यांदा त्यांना ऐकू आलं होतं, तरी.

आठ दिवस संपले आणि केंद्र राहिलं. पुढच्या महिन्यात पलीकडच्या पाड्यावरच्या बायका आम्हालाही काटा द्या म्हणत आल्या. मी त्यांची फाइल त्याच दिवशी केली आणि अध्यक्षांना टँकर आत वळल्यावर सांगितलं.