उलट्या अक्षरांच्या सहा ताटल्या

आयुष्यात माझ्या हातून एकच गोष्ट सहाच्या सहा वेळा सारखी झाली, आणि तीच माझ्या अंगाशी आली.

दोन हजार साल उलटून दोनेक वर्षं झाली असतील. ऑफिसात फायलींना गाठी मारता मारता आपल्यात एक कलावंत दडलेला आहे असा मला संशय येऊ लागला होता. गंगापूर रोडला एक बाई बंगल्याच्या पार्किंगमध्ये रविवारी मातीकाम शिकवायच्या. चाकावरचा माझा गोळा दोनदा उडून दुसऱ्याच्या अंगावर गेल्यावर त्यांनी मला चाकावरून उठवलं.

"तुम्ही ताटल्या करा. मातीची पोळी लाटायची, खोलगट ताटात अंथरायची. आपल्याच वजनाने ती आकार घेते, तुम्हाला फारसं काही करावं लागत नाही."

हे शेवटचं मला फार पटलं.

"साचा म्हणून घरचंच एखादं ताट आणा. पण मध्ये पातळ फडकं घाला, नाहीतर माती चिकटेल."

आता आधी शेजारच्या काकूंचं सांगतो. काकू सटाण्याकडच्या. काही वर्षांपूर्वी त्यांनी आमच्याकडे स्टीलच्या ताटातून पुरणपोळ्या पाठवल्या होत्या. पोळ्या संपल्या, ताट काही परत गेलं नाही. त्यांनी दोनदा विचारलं. बायकोने सगळं स्वयंपाकघर उपसलं आणि देवाशप्पथ सांगितलं, की ताट माझ्याकडे नाही. काकू "असू दे" म्हणाल्या. पण त्यानंतर त्यांच्याकडून जे काही येई ते श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यातून येई आणि सोबत निरोप, "डबा परत नाही आला तरी चालेल." हे वाक्य बायकोला दर सणाला टोचायचं. "मला चोर समजतात त्या," ती म्हणायची, आणि मी पेपर वर धरायचो.

तर, साचा शोधायला मी माळ्यावर चढलो. रंगाच्या डब्याखाली चुन्याने माखलेलं एक सुरेख खोलगट ताट सापडलं. चुना खरवडला, ताट स्कूटरच्या डिकीत टाकलं. त्याच्या काठावर आतल्या बाजूने ठिपक्याठिपक्यांची अक्षरं होती. पण भांड्यावरचं नाव वाचणं हे खातं आमच्या घरी माझ्याकडे नव्हतं.

क्लासमध्ये मी फडकं घातलं नाही. आपल्याकडे वड्या थापताना ताटाला काय लावतात? तूप. मी गोडेतेल लावलं. बाई म्हणाल्या, "फडकं कुठंय?" मी म्हणालो, "आमच्या घरची पद्धत आहे." माती चिकटली ती चिकटलीच. सुरीने, फुंकरीने आणि शेवटी विनवण्या करून एकेक ताटली सुटली. असे सहा रविवार गेले.

भट्टीतून ताटल्या बाहेर आल्या तेव्हा त्या आकसून जेवणाच्या ताटाच्या नाश्त्याच्या बश्या झाल्या होत्या. वरून हिरवीगार झिलई. खालची बाजू कोरी, कारण तिथे झिलई लावली तर ताटली भट्टीलाच चिकटते. द्वारका चौकातल्या गर्दीतून मी त्या मांडीवर घेऊन रिक्षाने आणल्या आणि प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाल्याला "भाऊ, हळू" म्हणत राहिलो. तो शेवटी म्हणाला, "साहेब, अंडी आहेत का?"

बायकोला त्या आवडल्या, हे मलाच खरं वाटेना. ती म्हणाली, "यातली एक काकूंना देते. ताट घेतलं नाही ते नाहीच, पण मनातली अढी तरी जाईल." तिने ताटलीत कोथिंबिरीच्या वड्या रचल्या आणि मलाही सोबत नेलं, कलावंत म्हणून.

काकूंनी वड्या डब्यात काढल्या, ताटली धुतली, आणि आपल्याकडची कुठलीही बाई करते तेच केलं: भांडं कुणाचं ते बघायला ताटली उलटी केली. काठाशी अक्षरांची फुगीर ओळ होती, पण उलटी. काकूंनी तिच्यावरून बोट फिरवलं. मग कपाटाच्या आरशापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

आरशात स्वच्छ वाचता येत होतं: थोरल्या दादाकडून भाऊबीज.

"हाई ते मना भाऊनं ताट शे," काकू हळूच माहेरच्या अहिराणीत म्हणाल्या.

बायकोने ताटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या क्षणी मला रंगाचा डबा आठवला, चुना आठवला, आणि न्हाणीघराची भिंत रंगवताना ओट्यावरचं हाताला लागेल ते ताट उचलणारा मीही आठवलो.

"काकू, ताट मी नेलं होतं. चुना कालवायला."

मग काकू बायकोजवळ जाऊन बसल्या. "तू तर शपथ घेतली होतीस गं."

"माझ्याकडे नाही म्हटलं होतं," बायको म्हणाली. "खरंच नव्हतं. ह्यांच्याकडे होतं." आणि ती रडता रडता हसायला लागली. काकूही हसल्या. मी हसायला लागलो तेव्हा दोघी थांबल्या.

ताट डिकीतच होतं. मी ते घासलं, आणि भांडं रिकामं परत करायचं नसतं म्हणून त्यात साखर घालून नेऊन दिलं.

दुसऱ्या दिवशी काकूंकडून त्याच ताटात शिरा आला. कित्येक वर्षांनी स्टीलमधून. निरोप बायकोला होता: "ताट सावकाश दे. फक्त तुझ्या ह्यांच्या हाती लागू देऊ नको." मला शिरा माझ्याच ताटलीत वाढला गेला.