हाडांच्या वॉर्डातले माझे संशय

घरी जाताना पेशंट कुबड्या घेऊन जातात, किस्से मात्र आमच्याकडेच टाकून जातात. लोणावळ्यात हाडांच्या वॉर्डात मदतनीस म्हणून लागले, तेव्हापासून माझ्याकडे ढीग साठलाय. त्यात मी मुळातच भित्री. स्टीलचं भांडं पडलं तरी दचकते, आणि दचकले की संशय घेते!

*

पहिल्याच आठवड्यात एका ताईंच्या पायाला वजन टांगलं होतं, हाड सरळ राहावं म्हणून. रोज भेटीची वेळ संपली की दोरी सैल! माझा संशय झाडूवाल्या मावशींवर. दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोललेही नाही. तिसऱ्या दिवशी पडद्याआड लपले. ताईंच्या सासूबाई आल्या, इकडंतिकडं पाहिलं आणि वजनाखाली बादली पालथी घातली.

"अहो, हे काय!"

"लय वढ बसतीय गं पोरीला. जरा इसावा नको?"

*

उर्स्याच्या एका काकांच्या प्लास्टरमधून विचित्र वास यायला लागला. जखम सडली, दुसरं काय! मी ओरडत कॉरिडॉरभर धावले. डॉक्टर चहा टाकून आले. प्लास्टर कापलं, तर आत लसणीचं तेल!

काकू शांतपणे म्हणाल्या, "गुडघा तर झाकलेला. मंग वरनं वतलं. उतरतंय की खाली आपोआप!"

त्या दिवशी आमच्या इन्चार्ज सिस्टरांनी मला बाजूला घेतलं. "महिनाअखेरीस तुझी ट्रायल संपतेय. आणखी एकदा उगाच ओरडलीस, तर नोकरी विसर."

*

म्हणून पुढचा संशय मी कुजबुजत घेतला. मनगट मोडलेला नवरा आणि त्याची नवी नवरी, फिरायला आलेले. तो म्हणाला, जिन्यावरून पडलो. ती म्हणाली, बाथरूममध्ये. मी सिस्टरांच्या कानात सांगितलं, "हिनंच ढकललंय!"

सिस्टरांनी तिला एकटीला गाठलं. शेवटी ती म्हणाली, "हे घोड्यावरून पडले."

"जोरात पळाला का घोडा?"

"छे हो. उभाच होता!"

कुजबुजणं ओरडण्यात धरतात का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

*

आणि कुरवंड्याचे आबा! खुब्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टर म्हणायचे, सगळं उत्तम आहे. आबा म्हणायचे, "पाऊलच उचलत न्हाई." मला संशय यायचा, पण ट्रायलच्या धाकानं तो मनातच ठेवला. त्यांचे दोन मुलगे जमिनीपायी एकमेकांशी बोलत नव्हते. पण आबांना उठवायला दोन्ही बाजूंनी माणूस लागायचा, म्हणून दोघंही रोज यायचे.

"आबा, त्याला म्हणावं हळू धर."

"आबा, त्याला म्हणावं मला कळतंय!"

ट्रायलचे दोनच दिवस उरले होते. सकाळी चादरी घेऊन आत शिरले, तर आबा खिडकीशी उभे! ताठ! हातात काठीसुद्धा नाही. चादरी माझ्या हातातून खाली.

"वरडू नको गं," बाहेरची नजर न हटवता आबा म्हणाले. "आज दोघं एकाच गाडीवर आलेत."

आणि तुरुतुरु जाऊन कॉटवर आडवे झाले.

तेवढ्यात डॉक्टरांना घेऊन सिस्टर आल्या. मागोमाग दोघं मुलगे.

"आपले आपण उठत असतील, तर आजच घरी सोडू," डॉक्टर म्हणाले.

सिस्टर माझ्याकडे वळल्या. "तू असतेस इथं. काय गं, काही संशय?"

आयुष्यात पहिल्यांदा माझा संशय खरा निघाला होता!

"नाही सिस्टर," मी म्हटलं. "दोघांनी धरल्याशिवाय नाही उठत."