सहा नंबरची चुकीची उत्तरं

मी जात्याच उतावळी. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ते मीच पुरं करून टाकते. आई म्हणायची, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, फक्त आमच्याकडे नवऱ्याच्या जागी ही आहे. अशा बाईनं पीएचडीला विषय कोणता घ्यावा? तर पुष्कळ कॉम्प्युटरांनी एकच काम वाटून घ्यायचं आणि एकमेकांच्या उत्तराची वाट बघायची.

इथे उज्जैनला, कॉलेजच्या लॅबमध्ये मला आठ जुने कॉम्प्युटर मिळाले होते. आठही जणांना एकच प्रश्न जायचा, उत्तरं यायची, आणि जास्तीत जास्त जणांचं जे उत्तर असेल ते खरं धरायचं. कोणी तीन सेकंदांत बोललं नाही की त्याला सोडून पुढचा प्रश्न. तीन सेकंद मीच ठरवले होते. मला तेही जास्तच वाटत होते.

सात जण शहाण्यासारखे वागत. सहा नंबर मात्र चुकायचा. नेहमी नाही. बराच वेळ सगळं बरोबर, मग अचानक चुकांची रांगच. मी केबल बदलली, मेमरी बदलली, सगळं पुसून नव्यानं घातलं. दोन महिने त्या खोक्याशी भांडले. नानाखेड्याच्या लॅबमधून ई-रिक्षानं घरी येतानाही डोक्यात तेच. बिघडला असेल तर मधेच बरोबर कसा बोलतो? आणि चांगला असेल तर असं का बोलतो? डोक्याचा नुसता भुगा झाला होता.

घरी दुसरा गोंधळ. आठ महिन्यांपूर्वी बाबांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात गेला, वाचा थोडीफार परत आली, पण भरकटलेली. आई विचारायची, "अहो, आंघोळीचं पाणी काढू का?" ते म्हणायचे, "वरण-भात." मी विचारलं, "पंखा लावू?" तर म्हणाले, "मंगळवार." आम्ही आधी रडलो, मग हसायला लागलो, आणि मग त्यांना विचारणंच कमी केलं. खोलीत ते बसलेले असताना त्यांच्याबद्दल बोलायचो, कपाटासमोर बोलावं तसं. हे लिहिताना आज लाज वाटते.

दादा पुण्याला असतो. माधव नगरचं आमचं घर बंद करून आई-बाबांना तिकडे न्यायचं, असं त्यानं ठरवलं. "इथे डॉक्टर जवळ आहेत," तो फोनवर म्हणाला. "तू दिवसभर लॅबमध्ये. आई एकटी किती करेल?" यात खोटं काहीच नव्हतं. आई म्हणाली, "मला काय, हे जिथे तिथे मी. पण ह्यांचं दिमाग आता असं झालंय, विचारणार तरी कोणाला?" रविवारी दादाचा फोन आला की तारीख पक्की करायची, असं ठरलं. त्यांनी जाऊ नये असं मला वाटत होतं. पण त्यात बाबांची काळजी किती आणि मला एकटीला राहायचं नव्हतं हे किती, ते माझं मलाच कळत नव्हतं.

त्याच आठवड्यात मी माझ्या गाईड सरांपुढे सहा नंबरच्या उत्तरांच्या छापील कागदांचा गठ्ठा ठेवला. "सर, छह नंबर को निकाल दूँ?" सर पेन्सिल घेऊन ओळीमागून ओळ बघत राहिले. मी दोनदा मध्येच बोलायला गेले, त्यांनी पेन्सिल वर करून थांबवलं. शेवटी म्हणाले, "ये गलत कहाँ है? ये तो पिछले सवाल का सही जवाब है."

खरंच तसं होतं. सहा नंबर मधूनमधून हळू पडायचा. त्याचं उत्तर येईपर्यंत मी पुढचा प्रश्न टाकलेला असायचा, आणि ते उत्तर त्या नव्या प्रश्नाच्या नावावर लिहून घ्यायचे. "बिगड़ा नहीं है, पीछे चल रहा है," सर म्हणाले. "हर जवाब के साथ सवाल का नंबर लगाओ."

मला आनंद व्हायला हवा होता. मी पिशवी उचलून सरळ बाहेर पडले. रिक्षात बसल्यावर एकेक आठवायला लागलं. आंघोळीच्या आधी आई रोज विचारते, जेवायला काय करू? पंख्याच्या आधी तिनं विचारलं होतं, आज वार कोणता हो? आणि गेल्या महिन्यात मी विचारलं होतं, "टीव्ही लावू का?" बाबा म्हणाले होते, "हो. खूप." केवढे हसलो होतो आम्ही. त्याच्या आधी मालिशवाल्या बाईंनी विचारलं होतं, बाबूजी, कंधा दुखता है? रिक्षात मला रडू फुटलं.

रविवारी सकाळी पोहे खाताना दादाचा फोन आला. मी स्पीकर लावला आणि सगळ्यांना बजावलं, कोणी बोलायचं नाही. मग विचारलं, "बाबा, पुण्याला जायचं का?"

बाबा माझ्याकडे बघत राहिले. तेवढ्यात फोनमधून दादा, "हॅलो? हॅलो? कट झाला का गं?"

"थांब ना!" मी ओरडले.

"नाही," बाबा म्हणाले.

आता हे नाही कशाचं? पुण्याला नाही, की फोन कट झाला नाही? मी पुन्हा होते तिथेच. आई हळूच म्हणाली, "बघ, मी म्हटलं होतं ना." असं विचारायला हवं होतं की उत्तरातच प्रश्न दिसेल.

"दादा, आता श्वाससुद्धा जोरात घेऊ नकोस. बाबा, उज्जैन की पुणे?"

पोह्यांवरची शेव मऊ पडली. आईनं दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा मी तिचा हात दाबला. उत्तर मला ठाऊक आहे, मीच सांगून टाकावं, असं वाटत होतं. खरं तर मला काहीच ठाऊक नव्हतं. बाबांचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"उज्जैन."

मग दादा म्हणाला, "बरं. मी तिकिटं काढत नाही."

झालं, म्हणून मी घाईनं फोनकडे वळले. या वेळी आईनं माझा हात दाबला. बाबांचं अजून संपलं नव्हतं.

"आज," ते म्हणाले आणि थांबले. आम्हीही थांबलो.

"आज विचारलंस."