कोनते इंगळे?

बडनेऱ्याला गाडीतून उतरलो आणि माझ्या चपलेनं फलाटाशी सोयरीक केली. सोडायलाच तयार नाही! एप्रिल नुकताच लागला होता. पुण्यातल्या शेजाऱ्यांना मी नेहमी सांगतो, आमच्या वऱ्हाडात उन्हाळ्यात कोंबडी अंडं देते ते उकडलेलंच. मीठ-तिखट तेवढं आपलं आपण आणायचं. ते हसतात. हसू द्या. सावलीत वाढलेल्या माणसांना कशाचा अनुभव असतो, राजेहो!

या खेपेला मी निघालो होतो ते माझ्या पुतणीसाठी, सुजातासाठी. माझ्या धाकट्या भावाची ही लेक, आमच्या घराण्यातली पहिली डॉक्टर. मेळघाटात, धारणीकडे तिची सरकारी नोकरीची मुदत संपत आली होती आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती: आजोबांच्या गावी, हिवरखेडला, स्वतःचा दवाखाना. बाजाररोडवर एकच गाळा तिच्या मनासारखा रिकामा होता. तो मिळाला तर हिवरखेड; नाही मिळाला तर अकोल्याच्या एका मोठ्या खासगी दवाखान्यात नोकरी. तिथे उत्तर द्यायला तिच्याकडे आठवडाही उरला नव्हता.

गाळ्याच्या मालकाशी फोनवर बोललो होतो मी. मालकाचं नाव बबनराव इंगळे. मीही इंगळे. आता इथे वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं थांबतो. आमच्याकडे इंगळे कुणब्यांत आहेत आणि बौद्धांतही आहेत. एकाच गावात, एकाच नदीचं पाणी पिणारे, एकाच आडनावाचे. म्हणून इकडे आडनाव सांगून भागत नाही. पुढचा प्रश्न ठरलेला: "कोनते इंगळे?" या तीन अक्षरी 'कोनते'त जात विचारली असंही होत नाही आणि जात कळल्याशिवायही राहत नाही. असा सोयीचा शब्द दुसऱ्या मुलखात असेल तर मला दाखवा.

बबनरावांनीही विचारलं, "कोनते इंगळे?"

मी म्हटलं, "मूळचे हिवरखेडकडचेच. आता पुण्यात असतो. स्वतःचा फ्लॅट आहे. पुतणी डॉक्टर."

"फ्लॅट? अन् डॉक्टर? मंग तं आपलेच!" बबनराव खूश. "वावरात रोडगे करतो, याच तुमी."

माणूस स्वतःहून खूश होत असेल तर त्याला अडवणं माझ्या स्वभावात नाही. मी फोन ठेवला.

अमरावतीला सुजाता भेटली ती एका गिला वड्याच्या गाडीपाशी. गिला वडा म्हणजे ताकादह्यात आकंठ बुडालेला उडदाचा वडा. अमरावतीचा माणूस स्वर्गात गेला तर आधी गाडी कुठे लागते ते विचारतो. सुजाता धारणीहून जीपने उतरली होती. त्या रस्त्यावरच्या जीपमध्ये बसलेल्या माणसाची हाडं पोहोचेपर्यंत आपापसात जागा बदलतात. ती डॉक्टर असल्यामुळे तिची तिला परत लावता आली असावीत. केसांवर धूळ, खांद्याला पिशवी, आणि पहिलाच प्रश्न:

"मोठेबाबा, त्यांना सांगितलं ना तुम्ही, आपण कोण ते?"

"वडा थंड होतो," मी म्हणालो.

"गिला वडा थंडच असतो."

ही पोरगी लहानपणापासून अशीच.

परतवाडा-अंजनगाव करत अकोटकडे जाणारी बस मिळाली. शेजारच्या बाकावर मांडीत टोपली घेतलेली एक बाई होती. अचलपूर मागे पडेपर्यंत तिने धीर धरला, मग मला विचारलंच.

"कोन्या गावचे, भाऊ?"

"हिवरखेडचे. इंगळे."

"कोनते इंगळे?"

मी उत्तराची जुळवाजुळव करतोय तोवर सुजाताच्या पिशवीतून डोकावणारी स्टेथोस्कोपची नळी बाईला दिसली. "पोरगी डॉक्टरीन हाय काय?"

"हो."

"मंग बौद्ध असतीन." बाईने निकाल देऊन टाकला. "त्यायच्यात पोरी शिकवतात बाप्पा. आमच्यात पोरगी धा पुस्तकं शिकली का मांडव टाकतात. मले गनित लय येत होतं."

सुजाता खळखळून हसली आणि बाईने टोपलीतली दोन संत्री तिच्या ओंजळीत ठेवली. बहार संपत आलेला, ही शेवटची. पण आमच्याकडचं संत्रं! एक सोललं की अर्धी बस बाहीनं हनुवटी पुसत होती.

मी मात्र विचारात पडलो. बबनराव म्हणतात डॉक्टर, म्हणजे आपलेच. ही बाई म्हणते डॉक्टर, म्हणजे बौद्धच. एकच पदवी, दोन माणसांनी दोन दिशांना ओढली. माझी छाती इतकी फुगली की कंडक्टरला वाटेत उभं राहता येईना. तीन पिढ्यांत आम्ही असं काही करून ठेवलं होतं की लोकांना अंदाज बांधता येईना आम्ही कोण! मी ते सुजाताला बोलून दाखवलं.

तिने खिडकीबाहेर बोट दाखवलं. उजवीकडे सातपुडा निळा-करडा, उन्हात थरथरत होता.

"त्या डोंगरापलीकडे कोरकू आदिवासींची गावं आहेत," ती म्हणाली. "बाळंतीण बाईला जीप मिळायला सकाळची संध्याकाळ होते. तुम्ही इकडे दोन इंगळ्यांची तुलना करत बसलात, मोठेबाबा. त्या बाईला तर 'कोनते' असं विचारायलासुद्धा कोणी जात नाही."

मी संत्र्याची एक फोड तोंडात टाकली. कधीकधी तोंड भरलेलं बरं.

हिवरखेडला गाळा पाहिला. पुढे ओटा, आत दोन खोल्या, मागे नळ. सुजाताने भिंतीवर हात ठेवून मनातल्या मनात खाटा मांडून टाकल्या: इथे तपासणी, इथे बाळंतिणी, इथे औषधं. रस्त्यावरचा खालच्या वेटाळाकडे (आमच्या वस्तीकडे) जाणारा फाटाही तिथून दिसत होता. तिचा चेहरा पाहिला आणि मला पहिल्यांदा त्या फोनची काळजी वाटली.

बबनराव मोटारसायकलवर आले. धिप्पाड, पांढऱ्या मिशांचे, बोलायला लागले की झाडावरचे पक्षी उठावेत असा आवाज. त्यांनी आम्हाला थेट वावरात नेलं. कडुनिंबाखाली गोवऱ्या पेटवून रोडगे टाकले होते. रोडगा म्हणजे गव्हाच्या पिठाचा जाड गोळा, गोवऱ्यांच्या इंगळात, म्हणजे निखाऱ्यात, भाजलेला; वर तूप, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. आमचं आडनावच इंगळे, तेव्हा हे आमचं घरगुती जेवण म्हणायला हरकत नाही. बबनरावांची बायको, कुसुमताई, वाढायला होती. त्यांचा मुलगा वैभव विहिरीपाशी उभा राहून दर मिनिटाला केसांवरून हात फिरवत होता. बांधापलीकडे तोंड करून चरणाऱ्या बैलांनासुद्धा कळलं असतं, हा कार्यक्रम फक्त गाळ्याचा नव्हता.

बबनरावांनी सुरुवात केली, "पोरीचं मामाकूळ कोनतं?"

वऱ्हाडात ज्याला भाड्याने जागा द्यायची त्याचं मामाकूळ कोणी विचारत नाही. ते सोयरिकीआधी विचारतात. मी घसा खाकरला आणि हवामानाकडे वळण्याची तयारी केली. पण सुजाताने ताट खाली ठेवलं.

"काका, आम्ही बौद्ध आहोत. खालच्या वेटाळातले. माझे पणजोबा दौलत इंगळे. तुमच्या आजोबांचे निरोप घेऊन ते पायी गावोगाव जायचे."

इंगळात एक रोडगा तडकला. वैभवचा हात केसांतच राहिला.

"मंग फोनवर काहून नाई सांगतलं?" बबनराव माझ्याकडे पाहत होते.

"तुमी सांगूच देलं नाई," मी आपोआप वऱ्हाडीत उतरलो. "तुमी म्हनले, आपलेच."

"फ्लॅट म्हनला, डॉक्टर म्हनला, तं मले काय वाटन?"

"तेच तं! आमाले फ्लॅट नसते का?"

बबनराव भडकले. "तुमच्या लोकायचं बरं हाय बुवा. शिकले, नोकऱ्या भेटल्या, साहेब झाले. आमच्या आज्याचं वावर एवढं होतं का कावळा इकून तिकडं जायचा तं मधात मुक्काम करे. चार भावांत वाटलं. मंग दोघांत. आता वैभवले ट्रॅक्टर वळवाचा तं शेजाऱ्याले विचारा लागते. अन् पोरगी द्याले कोनी तयार नाई. शेती म्हनलं का पाहुने चहा न पेता उठतात!"

बढाईत मी कोणाला हार जात नाही. "आमचा आजा दौलत. नावात दौलत, अंगात एक सदरा. तो तुमचे निरोप पायी नेत होता. त्याच्या पोरानं टपालखात्यात निरोपावर शिक्के मारले. मी विमा कचेरीत असे शिक्के मारले का दिल्लीतली टेबलं हालली. अन् हे पोरगी आता लोकायच्या नाड्या धरते. तुमाले वावर भेटलं, आमाले पुस्तक भेटलं. पुस्तकाचे चार हिस्से होत नाईत, बबनराव! चौघायनं वाचलं तं चौपट होते."

"सवलत भेटली म्हना ना!"

"तुमच्या आज्याले भेटलं तेवढं वावर कोनत्या परीक्षेत पास होऊन भेटलं होतं?"

"दोघंही थांबा!" सुजाता म्हणाली. ती ओरडली नाही, पण वॉर्डात गर्दी हटवायचा सराव असलेला तो आवाज होता. "मोठेबाबा, आपल्या वेटाळातली दोन-चार घरं वर आली, त्यात आपलं एक. बाकीची? प्रल्हादकाका आजही दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जातात. एक डॉक्टर झाली म्हणजे अख्खं वेटाळ डॉक्टर नाही झालं. आणि काका, वैभवदादाचं लग्न आमच्या शिक्षणानं नाही अडलं. मला फक्त एवढं सांगा, गाळा देता की नाही?"

बबनरावांनी मिशीवरून हात फिरवला. "देतो," ते म्हणाले. "मी काही तसा मानूस नाई. पन पाटीवर इंगळे नोको. नुसतं डॉक्टर सुजाता लिहा. लोक मले विचारतीन ना, कोनते इंगळे."

मी सुजाताकडे पाहिलं. मला वाटलं, घे बाई. पाटी काय, पुढं बदलता येते.

"माझ्या पदवीवर पूर्ण नाव आहे," ती म्हणाली. "पाटीवर तेच लागेल. नाही तर राहू द्या." आणि ती उठू लागली.

"जेवल्याबिगर उठू नोको, माय," कुसुमताई म्हणाल्या. पूर्ण जेवणात त्यांचं हे पहिलं वाक्य. नवऱ्याकडे न पाहता त्यांनी सुजाताच्या रोडग्यावर तुपाची वाटी उपडी केली. "याह्यचं चालूच राहते."

आम्ही जेवलो. त्या जेवणाला नावं ठेवणाऱ्याची जीभ झडेल. पण गाळा गेला होता.

मुक्काम प्रल्हादकडे, माझ्या चुलतभावाकडे झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही स्टँडवर अकोल्याच्या बसची वाट पाहत होतो. सुजाताला हसवायला मी गोष्ट रचून सांगत होतो की तिची पाटी एवढी मोठी करू की नरनाळ्याच्या किल्ल्यावरून वाचता येईल, तेवढ्यात मोटारसायकल येऊन थांबली. बबनराव आणि मागे वैभव. बबनरावांनी किल्ली सुजातासमोर धरली.

"अन् पाटी?" तिने विचारलं.

"पुरी लिहा. डॉक्टर सुजाता इंगळे. इंगळे जरा मोठ्या अक्षरात."

बबनराव इकडेतिकडे पाहू लागले. वैभवनेच सांगून टाकलं.

"आईनं म्हनलं बाबाले. पोरीवाले पाहुने बाजाररोडनंच येतात घरी. आपल्या गाळ्यावर डॉक्टर इंगळे दिसलं, तं त्यायले वाटन घरात डॉक्टर हाय. चहा पेऊन तरी उठतीन."

"म्हनतीन, आपलेच," बबनराव पुटपुटले.

सुजाता हसू दाबत म्हणाली, "काका, त्यांनी मला विचारलं तर मी खरं सांगीन हं, कोनते ते."

"सांग ना. पन पहिले इचारू तं दे!"

तिने किल्ली घेतली. बस आली होती, पण ती चढलीच नाही. "अकोल्याला मी फोन करते, नाही म्हणून," असं मला सांगून गाळा झाडायला निघूनसुद्धा गेली. वैभव तिच्या मागे झाडू शोधत.

मी एकटाच अकोल्याला निघालो. अकोटनंतर खारपाण पट्टा लागतो. इथलं विहिरीचं पाणी खारं. बाहेरचा माणूस चूळ भरून थुंकतो. मी मात्र एका थांब्यावर मुद्दाम घोटभर प्यालो. काय सांगू, राजेहो, त्या दिवशी ते उसाच्या रसासारखं लागलं. डोळ्यांतलंही तेवढंच खारं होतं, त्यामुळे फरक कळला नसावा.

एके काळी माझ्या आज्याची सावली अंगावर पडली तर लोक अंघोळ करायचे. ही एकच गोष्ट मी कधी फुगवून सांगत नाही, ती आहे तेवढीच पुरे आहे. आता दौलतच्या पणतीच्या पाटीची सावली बाजाररोडवर पडणार, आणि त्या सावलीत बबनरावांचा वैभव पाहुण्यांची वाट पाहत उभा राहणार. उभा राहू दे बिचारा. ऊन फार आहे. पाटी पुरेशी मोठी करायला मी सांगितलं आहे, प्रल्हादच्या घरापर्यंत सावली पोहोचली पाहिजे.

अकोल्याहून गाडीत बसलो. समोरचे गृहस्थ मूर्तिजापूरकडचे निघाले. डबा उघडला, ठेचा पुढे केला, नावगाव झालं.

"इंगळे काय? कोनते इंगळे?"

मी भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि आरामात खाल्ला.

"हिवरखेडले बाजाररोडवर पाटी हाय," मी म्हणालो. "ते."