आक्काचे डॉक्टर दीर

माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आक्काच्या, धाकट्या दिरांच्या हातून जेवढे पेशंट दगावले, तेवढे सबंध मराठवाड्यात कुठल्याही डॉक्टरच्या हातून दगावले नसतील. आणि तरी त्यांच्या गावी, आष्टीच्या बाजारात लोक त्यांना बघून हातातली पिशवी खाली ठेवून नमस्कार करायचे. ते डॉक्टर नव्हतेच. नट होते. जालन्याच्या कॉलेजात एकांकिका करता करता परीक्षा द्यायची राहिली, मग मुंबई, मग नाटकाच्या बसमध्ये कपड्यांच्या पेट्यांशेजारची जागा आणि दुसऱ्या अंकातला निरोप्या, असं करत केस अकाली पांढरे झाले, तेव्हा कुठे मालिकावाल्यांची नजर त्यांच्यावर गेली. उंच अंगकाठी, ओढलेला चेहरा, जाड काड्यांचा चष्मा. "तुम्ही डॉक्टर दिसता हो," असं कुणीतरी म्हणालं आणि पुढचं सगळं आयुष्य ऑपरेशन थिएटरच्या दारात गेलं. मालिका कुठलीही असो, दारावरचा लाल दिवा विझायचा, हे बाहेर यायचे, चष्मा काढायचे आणि म्हणायचे, "सॉरी. आम्ही सगळे प्रयत्न केले." की नातेवाइकांचा हंबरडा, आणि यांची सुट्टी.

पण त्या एका वाक्याचा त्यांचा अभ्यास असा, की गवयानं तोंडात बोट घालावं. एप्रन स्वतःचा, घरी इस्त्री केलेला. "चष्मा आधी का वाक्य आधी, पाव्हणे, सगळा सीन ह्याच्यावर हे," ते मला सांगायचे. "आधी बोललं की माणूस बिलकुल कसाई वाटतो." एकदा लग्नाच्या भर पंगतीत त्यांनी मला हे करून दाखवलं, तर जिलबी वाढणारा ताट खाली ठेवून घाबऱ्या आवाजात म्हणाला, "कोन गेलं हो?" गावी आले की म्हातारी माणसं ओट्यावर येऊन त्यांना जीभ दाखवत. आपण डॉक्टर नाही, हे शपथेवर सांगून थकले, की ते म्हणायचे, "पाणी भरपूर प्या, जागरण करू नका." माणसं बरी व्हायची आणि हेच घाबरून जायचे.

त्यांचं खरं कौतुक होतं ते त्यांच्या थोरल्या भावाला, म्हणजे आमच्या दाजींना. संध्याकाळी रानातून आले की हातपाय धुऊन, कमरेवर हात ठेवून चालत येऊन टीव्हीपुढे बसायचे. पडद्यावर भावाचा हात चष्म्याकडे गेला की आक्का म्हणायची, "गेला बघा तो," आणि दाजी मांडीवर थाप मारून लगेच फोन लावायचे, "आज लई बराबर मारला रे!" एकदा दीर मला म्हणाले, "दादाला एखादा वाचलेला पेशंट दाखवायचाय, पाव्हणे. पण लिहिणारेच देऊन न्हाई राह्यले."

पोळ्याला ते गावी आले होते तेव्हाच दाजी अंगणात छाती धरून खाली बसले. जालन्याला दवाखान्यात आणलं. नवीन जालन्यातल्या माझ्या बँकेतून मी पोचलो, तेव्हा आक्का बाकावर बसून दिरांना म्हणत होती, "भावजी, तुम्ही आत जा ना. तुम्हाला समजतं त्यातलं." ते नट आहेत हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी म्हणत होती. ते दारापर्यंत जाऊन परत यायचे.

डॉक्टर बाहेर आला तो अगदी पोरसवदा. आम्हा दोघांना बाजूला घेतलं, पण त्याला शब्द सापडेनात. नुसती मान हलवली आणि दिरांचा हात धरून उभा राहिला. दिरांनीच त्याच्या पाठीवर थोपटलं. मी आक्काकडे निघालो, तर म्हणाले, "थांबा. वहिनीला मी सांगतो."

ते तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. डोळे पुसायला असेल किंवा सवयीनं असेल, त्यांचा हात वर गेला.

"न्हाई भावजी," आक्का ओरडली. "चष्मा काढू नका तुम्ही. काढू नका!"

हात तसाच खाली आला. ते तिच्या पायाशी फरशीवर बसले आणि "दादा" एवढंच म्हणाले. पुढचं वाक्य त्यांना आलं नाही.

त्यानंतर त्यांनी डॉक्टर केला नाही. "मंग दुसरं काय करणार तुम्ही?" मी विचारलं, तर म्हणाले, "बघू." मालिकावाल्यांना त्यांच्यात दुसरं काही दिसेना. काही महिने आष्टीत राहिले, आक्काचं शेत बघितलं, मग एका नाटकात छोटं काम मिळालं आणि पुन्हा बसमधल्या त्या कपड्यांच्या पेट्यांशेजारी जाऊन बसले.

गेल्या हिवाळ्यात ते नाटक जालन्याला आलं. आक्का पहिल्यांदाच थिएटरात आली. यांचं काम म्हाताऱ्या शेतकऱ्याचं होतं. दारातून येतो, कमरेवर हात ठेवून बाजेपर्यंत चालतो, बसतो. वाक्यं दोनच. पण ते चालायला लागले आणि आक्कानं माझं मनगट घट्ट धरलं.

खेळ संपल्यावर आम्ही आत गेलो. ते टॉवेलनं रंग पुसत होते.

"भावजी," आक्का म्हणाली, "ह्यांची चाल कधी उचलली हो तुम्ही?"

त्यांनी टॉवेल खाली ठेवला.

"उचलली न्हाई, वहिनी. वय झालं. आपोआप आली."

बाहेर बस हॉर्न देत होती. त्यांना रातोरात परभणी गाठायची होती. त्यांच्या सदऱ्याच्या खांद्यावर रंगाचा डाग पडला होता, तो आक्का पदरानं पुसत राहिली.