कळमनुरीत लिहिला गेलेला गोल

आमच्या तात्यांनी आयुष्यात एकदाही फुटबॉलला लाथ मारली नाही.

मॅचसुद्धा कधी पाहिली नाही.

तरी १९४८ च्या शेवटी हैदराबाद संस्थानातल्या सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगचं रेकॉर्ड त्यांच्या एकट्याकडे शिल्लक होतं. कळमनुरीत. दोन जाड वह्यांत.

तात्या म्हणजे माझे आजोबा. त्यांना जाऊन आज पंचवीस वर्षं झाली.

निजामाच्या काळात ते कळमनुरीच्या तहसील कचेरीत कारकून होते. तहसीलदारांसाठी हैदराबादहून उर्दू पेपर यायचा, दोन दिवस शिळा. साहेबांचा वाचून झाला की तात्या घरी आणायचे आणि खेळाच्या बातम्या वहीत उतरवायचे.

कोण कुणाशी खेळलं. कोण जिंकलं. गोल कुणी मारले.

आजी विचारायची, "काहून लिहून राहिले हे? तुमाला काय करायचं त्याचं?"

"तिकडं कोणी बराबर लिहीत न्हाई म्हणून."

एवढंच उत्तर. पेपरात चूक दिसली की लीगच्या सेक्रेटरींना पोस्टकार्ड टाकायचे. अमुक गोल तमक्याच्या नावावर चुकून पडला आहे, कृपया दुरुस्ती व्हावी.

पंधरा-सोळा वर्षं हे चाललं.

मग अठ्ठेचाळीसचा सप्टेंबर आला. भारताचं लष्कर आत आलं, संस्थान गेलं. त्या गडबडीत लीगच्या ऑफिसातले जुने कागद कुठे गेले, कुणालाच सांगता येईना.

दोन-तीन महिन्यांनी एका दुपारी तात्यांच्या दारात एक उंच माणूस उभा राहिला. पायात फाटके बूट. त्यानं नाव सांगितलं, युसूफ. तात्यांनी ते वहीत कितीदा तरी लिहिलेलं होतं.

ते दिवस कसे होते हे आमच्या भागातल्या जुन्या लोकांना सांगायला नको. हिंदू-मुसलमानांत नुकतंच रक्त सांडलं होतं. हैदराबादच्या बाजूनं आलेला अनोळखी मुसलमान माणूस. समोरच्या घरांची दारं लागली.

आजी आतून हळूच म्हणाली, "ह्या दिवसांत कोणाला घरात घेऊन राहिले तुमी?"

तात्या म्हणाले, "सेंटर फॉरवर्ड आहे तो."

आजीला काही कळलं नाही. पण तिनं पाणी आणून दिलं.

युसूफ निजामाच्या फौजेच्या टीममधून खेळायचा. फौजच बरखास्त झाली, नोकरी गेली. मुंबईच्या एका मिलला आपल्या टीमसाठी खेळाडू हवे होते, पण लीगमध्ये काय केलंय त्याचा लेखी पुरावा मागत होते. लीगच्या ऑफिसातल्या एका म्हाताऱ्या कारकुनानं त्याला सांगितलं होतं, कळमनुरीला एक जण आहे, आमच्याच चुका आम्हाला कळवतो.

तात्यांनी वही काढली.

युसूफला एका विशिष्ट सीझनचा हिशोब हवा होता. त्या सीझनला सगळ्यात जास्त गोल आपले, असं त्याचं म्हणणं.

वहीत दोघं बरोबरीत निघाले. युसूफ आणि त्याच टीमचा नरसिंग.

आणि एक मॅच कोरी. त्या आठवड्यात पुराचं पाणी पुलावर आल्यामुळे गाडीच आली नव्हती, पेपर आला नव्हता. तात्यांनी नुसता निकाल नंतर मिळवून लिहिला होता, एक-शून्य, युसूफची टीम जिंकलेली. गोल मारणाऱ्याची जागा रिकामी.

"मुन्शीजी, वो गोल मैं मारा," युसूफ म्हणाला.

"नरसिंग कुठं असतो आता?"

"मर गया. टायफॉइड."

म्हणजे नाही म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. तात्यांनी नाव लिहिलं असतं तर विषय संपला असता. पोटाचा प्रश्न होता त्या माणसाचा.

तात्या म्हणाले, "लिहितो. पेपर न्हाई, म्हणून तुमच्या तोंडून लिहितो. गोल कसा झाला ते सांगा."

युसूफ अंगणात उतरला. इथून थ्रो आला. इथे मी उभा. हाफबॅकला असा चुकवला. तो सांगत होता आणि पळूनही दाखवत होता. आजी दारात येऊन बघत होती.

"और यहाँ से मारा. जोर से."

मग तो थांबला.

आजी सांगायची, तो दोन पावलं बाजूला सरला आणि त्यानं जमिनीकडे बोट केलं.

"पोल को लगा," तो म्हणाला. "वापस आया. नरसिंग खडा था उधर."

तात्यांनी दौतीत टाक बुडवला.

"उसका लिखो, मुन्शीजी. उसका था."

तात्यांनी नरसिंगचं नाव लिहिलं. मग स्वच्छ अक्षरात पूर्ण सीझनची नक्कल करून दिली. पहिला नरसिंग. दुसरा युसूफ. खाली सही.

युसूफ त्या दिवशी आमच्याकडे जेवला. संध्याकाळ व्हायच्या आत तात्या स्वतः त्याच्यासोबत वारंगा फाट्यापर्यंत गेले आणि नांदेडच्या मोटारीत बसवून आले. वाटेत कुणी अडवलं तर ओळखीचा माणूस सोबत असावा म्हणून.

चार महिन्यांनी मुंबईहून युसूफचं पत्र आलं.

मिलच्या साहेबानं कागद बघितला आणि विचारलं, पहिला आलेला माणूस कुठे आहे, तो का नाही आला? युसूफनं सांगितलं, वारला. साहेब म्हणाला, मग तू ये उद्यापासून.

तात्यांनी पत्र आजीला वाचून दाखवलं. ती खूश झाली. मग म्हणाली, "त्या नरसिंगच्या घरी कळवलं का कोणी? तेचं लेकरू पयलं आलं म्हणून?"

तात्यांच्या हे डोक्यातच आलं नव्हतं.

त्यांनी युसूफकडून पत्ता मागवला आणि नरसिंगच्या आईला दोन ओळी लिहिल्या. आपला मुलगा त्या साली लीगमध्ये सर्वांत पुढे होता. नोंद आमच्याकडे आहे.

उत्तर आलं नाही. पत्र पोचलं की नाही, हेही कधी कळलं नाही.

तात्या, तुमच्या आठवणीला नमस्कार.